पितळी लोकलमधला उजेड

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधल्या छोट्या कारखान्यांनी अमेरिकन रेल्वेच्या पितळी प्रतिकृती घडवायला घेतल्या. पुढे तिथली मजुरी आणि येनचा भाव वाढला, तसे हे काम बरेचसे दक्षिण कोरियात गेले. लॉस एंजेलिसच्या 'पॅसिफिक इलेक्ट्रिक'च्या तांबड्या गाड्यांसारख्या उपनगरी गाड्यांना गिऱ्हाईक मोजकेच. प्लास्टिकच्या महागड्या साच्याचा खर्च त्यातून निघणे कठीण, म्हणून अशा कितीतरी गाड्या पितळेतच जन्मल्या. बहुतेक बिनरंगाच्या विकल्या गेल्या. वरून पारदर्शक लॅकरचा हात, आणि आत बहुधा ना बाक, ना खिडकीला काच. हौशी माणूस मग आधी रंग देतो आणि दिव्यांचा विचार सर्वांत शेवटी करतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. मालगाडीचा डबा बंद पेटीसारखा असला तरी चालतो. लोकलचा डबा मात्र माणसांसाठी असतो आणि खिडक्यांची लांब रांग हाच त्याचा चेहरा. 72 फुटी डबा 1:87 प्रमाणात जेमतेम 25 सेंटीमीटर होतो. त्यात दिवा लागला की उघडे पितळ, लोंबत्या तारा, जमिनीतून उभी वर आलेली मोटर, सगळे चव्हाट्यावर येते. आत किती काम करायचे हे उजेडच ठरवतो. मोटर काढता येत नसेल तर तिला काळा मॅट रंग द्यावा आणि तिच्यावरच्या छतात दिवा लावूच नये.

आता उजेड कसा हवा ते पाहू. त्या काळच्या 600 व्होल्टच्या गाड्यांत 120 व्होल्टचे पाच बल्ब एकसरीत जोडलेले असत. एक गेला की पाचही जात, आणि गाडीने जोर धरला की तारेतला दाब उतरून सगळेच मंदावत. तो पिवळा, थकलेला उजेड होता. त्यावर पांढरा झगझगीत एलईडी बसवणे म्हणजे 1940 सालच्या डब्यात आजचे रुग्णालय उभे करणे. उपाय स्वस्त आहे. 2700 केल्विनच्या आसपासचा एलईडी सुमारे 3 व्होल्ट घेतो. 12 व्होल्टवर 1 किलोओहमचा रेझिस्टर लावला तर 9 मिलिअँपिअर वाहतात, 10 किलोओहमचा लावला तर जेमतेम 1. बहुतेक डब्यांना हा दुसरा आकडा पुरतो. काहीजण म्हणतात, खऱ्या गाडीचे दिवेही लुकलुकत, मग दिवे स्थिर ठेवणारा कपॅसिटर कशाला? मुंबईच्या लोकलमध्येही ओव्हरहेड तारेतल्या निर्जीव पट्ट्याखाली दिवे-पंखे क्षणभर बंद पडतात, हे खरेच. पण ते ठरलेल्या जागी घडते. प्रतिकृतीचे दिवे मळलेल्या चाकांमुळे कुठेही फडफडतात, आणि तो दोष झाकायलाच कपॅसिटर हवा.

पितळेची खरी अडचण विजेची आहे. अनेक जुन्या प्रतिकृतींत एका बोगीची चाके एका रुळावरून आणि दुसरीची दुसऱ्या रुळावरून वीज घेतात. अख्खा सांगाडा त्यातल्या एका बाजूला जोडलेला असतो. पूर्वी बल्बची एक तार सरळ सांगाड्याला डाखली की भागत असे. डिजिटल नियंत्रणात तसे केले तर गाडीतला डिकोडर (आज्ञा वाचणारे सर्किट) जळू शकतो. म्हणून दिव्याच्या दोन्ही तारा वेगळ्या न्याव्यात आणि त्या टेकतील तिथे विद्युतरोधक कॅप्टॉन टेप लावावी. पितळात उष्णता झरझर पसरते. हेडलाइट डाखताना शेजारची पायरी निसटू नये म्हणून तिच्यावर ओला कापूस ठेवतात. भोके पाडणे आणि डाख देणे आटोपल्यावरच लॅकर उतरवावे, डबा धुऊन तेलकटपणा घालवावा आणि मग प्रायमर द्यावा. रंग आधी झाला असेल तर याच कामात तो जळतो. पितळी भिंतीतून प्लास्टिकसारखा उजेड झिरपत नाही, ही मोठीच सोय. छताच्या सांध्यातून मात्र तो रेघेसारखा गळतो, तिथे आतून काळी पट्टी लावावी.

संग्राहकांचा आक्षेप गंभीर आहे: अस्पर्श पितळेला किंमत असते, छिद्र पाडलेल्याला नाही. दुर्मीळ, पेटीबंद नमुन्यापुरते मला ते मान्य आहे. पण बिनरंगाची गाडी विकणाऱ्याने पुढचे काम गिऱ्हाइकावर सोपवलेलेच होते. शिवाय दिव्यांची पट्टी छताला दुहेरी टेपने चिकटवून बारीक प्लगने जोडली, तर आतले दिवे उद्या सहज काढता येतात. छिद्र लागते ते हेडलाइटला, आणि अनेक प्रतिकृतींत हेडलाइटचे भांडे मुळातच पोकळ असते.