हुरूप येण्याआधी चालायचं

नवरात्रात पहाटे नगरहून केडगावच्या रेणुकामातेला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. आज चालावंसं वाटतंय का, असं तिथे कुणी कुणाला विचारत नाही. वेळ, वाट, सोबत, सगळं आधीच ठरलेलं. नैराश्यातून बरं होणाऱ्याचा व्यायामही असाच बसवावा लागतो, कारण या आजारात सगळ्यात आधी जाते ती इच्छाच.

हालचाल कमी झाली की झोप बिघडते, येणं-जाणं तुटतं, बरं वाटावं असं दिवसभरात काही घडत नाही आणि मन आणखी खचतं. ही साखळी विचार करून तुटत नाही. म्हणून मानसोपचारात एक रीतसर पद्धत आहे: हुरूप येण्याची वाट न बघता ठरलेली छोटी गोष्ट करायची. हुरूप मागून येतो, तोही पहिल्या दिवशी नाही.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने १९९९ मध्ये नैराश्याचा आजार असलेल्या, पन्नाशीपुढच्या १५६ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना आठवड्यातून तीनदा व्यायाम, काहींना सर्ट्रालिन ही गोळी, काहींना दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखीच होती. मात्र गोळीवाल्यांना सुरुवातीला लवकर उतार पडला. तेव्हा हा अभ्यास वाचून कुणी गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

"ऊठ, जरा फिरून ये" हा सल्ला खरा आहे, पण आजाऱ्याला तो बोलणी खाल्ल्यासारखा लागतो. त्यापेक्षा घरच्याने स्वतः चप्पल घालावी आणि "चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ" म्हणावं. पहिला आठवडा दहा मिनिटं पुरे. मोठ्या रस्त्यावरची वाहनं टाळून कॉलनीतल्या आतल्या रस्त्याने जावं. सकाळी गेलात तर उजेड मिळतो, त्याने झोपेची वेळ सावरते. वेग किती? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका. हळूहळू आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत जायचं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना किमान तेवढंच सांगते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट चालून भरपाई करू नये. अनेकांचं चालणं तिथेच सुटतं.

मनोविकारांवरच्या काही औषधांनी वजन वाढतं; ती घेणाऱ्यांना चालण्याचा दुहेरी फायदा. लिथियम घेणाऱ्यांनी मात्र उन्हात घाम गाळू नये. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि जगणंच नको वाटत असेल, तर चालण्याचा प्रयोग करत बसू नका. घरात कुणाला तरी सांगा आणि टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.