नव्या पायऱ्यांवरची परसबाग



आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेचा अकोले तालुका म्हणजे कळसूबाई-रतनगडाचा मुलूख. सपाट जमीन थोडी, उतार फार. तेव्हा घरामागे वा शाळेमागे बाग करायची तर आधी उतार तोडून पायऱ्या पाडाव्या लागतात. उन्हाळ्यात पायऱ्या झाल्या, दगडी ताली रचल्या, की केव्हा एकदा मृग लागतो आणि बी टाकतो असे होते. पण जरा थांबा. पायरी झाली म्हणजे वाफा झाला असे नव्हे.

असे का? उतार तोडताना डोंगराकडची बाजू खणली जाते आणि तीच माती तालीकडे भरली जाते. त्यामुळे आतल्या अंगाला कठीण मुरूम उघडा पडतो, बाहेरच्या अंगाला भुसभुशीत भराव राहतो. आत मूळ शिरत नाही. बाहेर पावसाने जमीन खचते. म्हणून खणण्यापूर्वीच वरची वीतभर कसदार माती निराळी काढावी आणि शेवटी तीच वर पसरावी.

गुरुजी, मुलांकडून दोन्ही अंगांना हातभर खोल खड्डे खणून घ्या व पाण्याने भरा. ज्या खड्ड्यात दुसऱ्या दिवशीही पाणी दिसेल, तिथे पिकाची मुळे कुजणार. मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

आता पहिले काम पाण्याच्या वाटेचे. पायरीला आत किंचित झुकाव द्या, आतल्या कडेने उथळ चर काढा आणि पाणी बाजूच्या ओघळीत दगड लावून उतरवा. ते तालीवरून वाहिले की ताल गेलीच म्हणा. तालीच्या कडेला गवत किंवा वाळा लावा.

पहिल्या पावसाळ्यात भाजी नको; ताग पेरा. ओल फार राहत असेल तिथे धैंचा. सहा-सात आठवड्यांनी फुलावर आला की गाडून टाका आणि महिनाभर कुजू द्या. मग शेणखत घालून उताराला आडवे, चार फूट रुंदीचे वाफे करा. दोन्ही बाजूंनी हात पोचतो, वाफा तुडवला जात नाही.

दिवाळीनंतर थंडी पडते. थंड हवा पाण्यासारखीच खाली उतरते व खालच्या पायरीवर साचते. तिथे लसूण, मेथी, कोबी घ्या. टोमॅटो, वांगी वरच्या पायऱ्यांवर. कडाक्याच्या थंडीत संध्याकाळी हलके पाणी द्यावे, माती उबदार राहते. बी शक्यतो गावचेच धरा. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणे जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, हे मुलांना जरूर सांगा.

एक पावसाळा भाजीविना गेला तर मुले थोडी हिरमुसतील. पण भाजी पुढल्या साली येते. ओढ्याला गेलेली माती काही परत वर चढत नाही. तेव्हा पहिले साल जमिनीला द्या.