खडकावरचा लिजिया

कोकणात एखाद्या जेट्टीवर पाऊल ठेवलं की दगडांच्या फटींतून राखाडी-तपकिरी किडे सुळकन पळताना दिसतात. लोक त्यांना झुरळं समजतात, पण हा लिजिया एक्झॉटिका खेकडे-कोळंबीच्या गोतावळ्यातला आहे. फ्रेंच अभ्यासक रू यांनी 1828 मध्ये त्याला हे नाव दिलं. जहाजांबरोबर तो उष्ण प्रदेशांतल्या अनेक बंदरांत पोचला.

लांबी तीनेक सेंटिमीटर, पायांच्या सात जोड्या, लांब मिशा आणि मागे दुभंगलेली दोन शेपटं. तो राहतो जमिनीवर, पण श्वास घेतो पोटाखालच्या कल्ल्यांनी. ते सुकले की जीव धोक्यात! म्हणून ओल्या दगडाला तो मागचे दोन पाय जोडून टेकवतो. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं त्यांवरच्या बारीक केसांमधून पाणी आपोआप वर चढतं.

मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत सांभाळते. वाढताना तो कात टाकतो, तीही दोन हप्त्यांत: आधी मागची, मग पुढची. शेवाळ आणि कुजकं खाऊन तो किनारा स्वच्छ ठेवायला हातभार लावतो. तेव्हा त्याला चिरडू नका. क्षणभर स्थिर उभे राहा, तो पुन्हा बाहेर येईल.