चार फुटांची परसबाग

आषाढ पौर्णिमेस वर्षावासाला आरंभ होतो. पावसाळ्यात भिक्खूंच्या चारिकेमुळे कोवळे तृणांकुर तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार तथागतांच्या कानी गेली व त्यातून ही प्रथा सुरू झाली, असे विनयपिटकात सांगितले आहे. हौशी माणसाने परसबागेस हात घालावा तो याच काळात. भिक्खूंना जमीन खणण्याची मनाई आहे, उपासकांना नाही!

आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबून मातीचे ज्ञान मिळवले. सातबाऱ्यावर मात्र त्यांचे नाव नव्हते. वसतिगृह, शहर व नोकरी या वाटेवर ते ज्ञान दोन पिढ्यांत विरत गेले. ते पुन्हा मिळवण्यास एकरभर जमीन लागत नाही. चार फूट लांब, तीन फूट रुंद वाफा, अथवा गॅलरीतील तीन-चार कुंड्या पुरेशा होतात.

प्रारंभ मेथीने करावा. स्वयंपाकघरातील मेथीदाणे रात्रभर भिजवून बोटाच्या अर्ध्या पेराइतके खोल पेरावेत. चार-पाच दिवसांत अंकुर दिसतात, महिनाभरात भाजी खुडता येते. मुसळधार पावसात मेथी कुजते, म्हणून वाफा उंच ठेवावा किंवा कुंडी आडोशाला घ्यावी. पहिल्याच वर्षी टोमॅटो, वांगी, गुलाब असे सारे लावण्याचा मोह आवरावा. त्यांना रोज सहा तास ऊन हवे, आणि ते सर्वांच्या अंगणात नसते. मोरीच्या पाण्यावर अळू मात्र कोणाचेही जगते.

कुंडीतील रोपे पुष्कळदा पाण्याच्या अभावाने नव्हे, अतिरेकाने मरतात. मातीत बोट खुपसून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. मावा पडल्यास निंबोळीची ५० ग्रॅम भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून सायंकाळी फवारावी.

सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसे व पशू या दोहोंसाठी औषधी वनस्पती, जेथे नव्हत्या तेथे आणून लावल्याची नोंद आहे. आपण निदान कोरफड, अडुळसा व गवती चहा लावू शकतो.

भाजी खुडताना मेथीची दोन-चार रोपे तशीच राखावीत. शेंगा वाळल्या की दाणे काढून, कागदी पुडीवर तारीख लिहून ठेवावेत. पुढच्या पेरणीस तेच वापरावेत.