गार्नीचे कोरे दगड

1679 सालच्या भूकंपात गार्नीचं मंदिर कोसळलं आणि जिथे कोसळलं तिथेच जवळपास 300 वर्षं पडून राहिलं. आज ते पुन्हा उभं आहे. येरेवान या आर्मेनियाच्या राजधानीपासून गाडीने तासाभरात आपण तिथे पोचतो. समोर आझात नदीची खोल घळ, काठावर करड्या बेसॉल्टचे 24 खांब आणि ग्रीक-रोमन धाटणीची त्रिकोणी शिरपट्टी. बहुतेक अभ्यासक हे मंदिर इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं मानतात. 1969 ते 1975 या काळात वास्तुविशारद अलेक्सांद्र साहिन्यान यांच्या देखरेखीखाली ते परत रचलं गेलं. पडलेल्या दगडांची मूळ जागा नक्षीवरून, सांध्यांवरून शोधली गेली आणि तो तो दगड तिथे बसवला गेला. जे दगड मिळाले नाहीत त्यांच्या जागी नवे घडवले, पण त्यांवर नक्षी कोरली नाही. ते कोरेच ठेवले.

नवरा पेशाने बांधकाम अभियंता. खांबांच्या वरच्या नक्षीपट्ट्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. "अगं, वेल कुठे तुटतो ते बघ. जिथे तुटतो तिथे दगड नवा. कुठेही खोटं बोललेले नाहीत हे लोक."

आम्ही दोघं निघालो होतो ते डोंगर बघायला. गाडी भाड्याने घेतली होती आणि काकेशसच्या दक्षिणेकडचा हा देश सावकाश पालथा घालायचा बेत होता. देश तसा लहान, 29,743 चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या एक दशांशाहूनही थोडा कमी. पण समुद्रसपाटीपासून सरासरी 1,800 मीटर उंचीवर वसलेला. गार्नीच्या त्या कोऱ्या दगडांनी मात्र पुढच्या सगळ्या प्रवासाला एक प्रश्न जोडून दिला. पडलेलं उभं करायचं तर किती, कसं आणि कुठे थांबायचं?

हा प्रश्न आर्मेनियाला टाळताच येत नाही. अरबी भूपट्ट उत्तरेकडे सरकत युरेशियाच्या भूपट्टावर दाबतो आहे आणि त्या रेट्यातच हे डोंगर उभे राहिलेले आहेत. ज्वालामुखी, गरम पाण्याचे झरे आणि भूकंप ही सगळी त्याच दाबाची लेकरं. गार्नीच्या घळीत उतरलं की बेसॉल्टचे षटकोनी स्तंभ भिंतीसारखे उभे दिसतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्या माणसाला ते लगेच ओळखीचे वाटतील. लाव्हा हळूहळू थंड होत आकसला की असे स्तंभ तयार होतात.

गार्नीहून थोडं पुढे गेगार्दचा मठ आहे. मुख्य चर्च 1215 सालचं, आणि त्याच्या मागे तेराव्या शतकातच डोंगराच्या पोटात कोरलेल्या खोल्या. अभ्यासक सांगतात, की कारागिरांनी वर छताच्या भोकापासून सुरुवात केली आणि ते खाली खाली कोरत गेले. वेरूळचं कैलास लेणंही वरून खाली कोरलेलं, पण तिथे डोंगर बाजूला करून अख्खं मंदिर मोकळं केलं आहे. इथे बाहेरून काहीच दिसत नाही. सगळं काम आतल्या पोकळीचं. खांब, कमानी, घुमटाची नक्षी, सगळं एकाच खडकातलं, आणि उजेड येतो तो फक्त त्या वरच्या भोकातून. या खोल्या इतक्या भूकंपांतून टिकल्या. सांधाच नाही, तर निखळणार काय?

दक्षिणेचा रस्ता मोठा आहे आणि इराणकडून येणाऱ्या ट्रकांनी गजबजलेला. गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे घाटात पहिल्यांदा जीव मुठीत धरावा लागतो. बऱ्याच गाड्या गॅसवर चालतात आणि गॅस भरताना आपल्या सीएनजी पंपांसारखंच सगळ्यांना खाली उतरवतात. उजव्या हाताला दूरवर 5,137 मीटरचा अरारात. आर्मेनियाच्या मनातला हा पर्वत सीमेपलीकडे, तुर्कस्तानात आहे. ती सीमा 1993 पासून बंद आहे.

पुढे अरेनी गावाजवळच्या गुहेत सुमारे 5,500 वर्षांपूर्वीचा चामड्याचा जोडा सापडला, आणि त्याहूनही जुनी, द्राक्षं तुडवून वाइन करण्याची जागा. तिथून एक वाट तांबड्या कड्यांमधून नोरावांकला जाते. शिल्पकार मोमिकचं नाव या मठाशी कायमचं जोडलेलं आहे. 1339 साली पूर्ण झालेलं इथलं दुमजली चर्च म्हणजे खाली समाधी आणि वर प्रार्थनास्थळ. वर जायचं ते भिंतीतून बाहेर आलेल्या अरुंद पायऱ्यांवरून. कठडा नाही. मी चढले, उतरताना मात्र भिंतीकडे तोंड करून एकेक पाऊल टाकलं. या चर्चचा वरचा भागही भूकंपात गेला होता. जुन्या छायाचित्रांत ते शिखराविना दिसतं. आजचं शिखर 1990च्या दशकात बांधलं गेलं. आम्हाला दोघांनाही हे काम गार्नीइतकं पटलं नाही. शिखर सुंदर आहे, पण नवं कुठे सुरू होतं ते सांगितल्याशिवाय कळत नाही.

इथे नवऱ्याने मला भिंत वाचायला शिकवलं. आर्मेनियातली मध्ययुगीन भिंत तीन थरांची असते. बाहेर आणि आत नीट घडवलेल्या दगडांची तोंडं, आणि मधे चुन्यात कालवलेला दगडगोट्यांचा भराव, जो हळूहळू घट्ट होतो. खरा भार हा भरावच पेलतो. म्हणून पडक्या चर्चमधून दर्शनी दगड निखळून गेलेले असतात, पण आतला गाभा उभा दिसतो. ऐकताना मला किल्लारीचा भूकंप आठवला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या गावांत कोसळलेल्या भिंतीही जाडजूड दगडाच्याच होत्या, पण मधे माती होती आणि दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते. धक्क्याने तोंडं फाकली आणि वरचं मातीचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. आर्मेनियाची किल्लारी त्याआधी पाच वर्षं झाली होती. 7 डिसेंबर 1988 रोजी स्पिताकच्या भूकंपात सुमारे 25,000 माणसं गेली, त्यांतली कितीतरी सोव्हिएत काळात घाईने उभारलेल्या, हलक्या दर्जाच्या काँक्रीटच्या इमारतींखाली. दगड जड म्हणून माणसं मरतात हे अर्धंच खरं. मधे काय भरलं होतं, हे विचारलंच पाहिजे.

तातेवच्या मठापर्यंत पावणेसहा किलोमीटरची रोपवे आहे. ती बघून आम्ही परत फिरलो आणि सेलिमच्या खिंडीने उत्तरेकडे निघालो. 2,410 मीटर उंचीवरच्या या खिंडीत 1332 सालची सराई आहे. तिला एकच दार, बेसॉल्टच्या लांब कमानी, आणि छतातल्या झरोक्यांतून येणारा उजेड. खांबांच्या मधे जनावरांसाठी दगडी गव्हाणी. ओर्बेलियान घराण्यातल्या चेसारने ती बांधली. दाराच्या वर फारसी लेख आणि आत आर्मेनियन. वाटसरू कोणत्याही भाषेचा असला तरी त्याला वाचता यावं, एवढी काळजी त्या उंचीवर घेतलेली पाहून मला गहिवरून आलं.

खिंड उतरल्यावर सेवान सरोवर आणि काठाजवळ नोरातुसची दफनभूमी. इथे सुमारे 900 खाचकार, म्हणजे क्रूस आणि जाळीदार नक्षी कोरलेल्या उभ्या शिळा आहेत. दोन शिळा सारख्या सापडत नाहीत. अशाच हजारो शिळा अझरबैजानच्या ताब्यातल्या नाखिचेवानमध्ये जुघाच्या दफनभूमीत होत्या. 1998 ते 2005 या काळात त्या फोडून टाकल्या गेल्या. भूकंप निदान दगड जागेवर ठेवतो. जुघात पुन्हा रचायला काही उरलेलं नाही.

शेवटी येरेवानच्या पश्चिमेला झ्वार्तनोत्स पाहिलं. सातव्या शतकातलं हे गोलाकार महामंदिर दहाव्या शतकात कोसळलं, असं मानतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्खनन झालं तेव्हा वास्तुविशारद तोरोस तोरामान्यान यांनी ते तीन टप्प्यांत चढत जाणारं होतं, असा आराखडा मांडला. पुरावे त्याच्या बाजूने आहेत, वादही आहेत. म्हणून काही खांब आणि कमानी उभ्या केल्या आणि बाकीचं मंदिर जमिनीवर ओळीने मांडून ठेवलं. दगड हातात असूनही त्यांनी हात आवरला. 1964 च्या व्हेनिस सनदेत जीर्णोद्धाराचे दोन नियम आहेत: नवा भाग जुन्याशी जुळावा पण ओळखू यावा, आणि अंदाज सुरू होतो तिथे काम थांबावं. पहिला नियम गार्नीत दिसतो, दुसरा झ्वार्तनोत्समध्ये.

2025 साली मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले 11 महाराष्ट्रातले. आता तिथे डागडुजीला पैसा येईल, तटबंद्या उभ्या राहतील, दरवाजे नवे होतील. तुम्ही गडावर जाल तेव्हा काम करणाऱ्यांना जरूर विचारा, यातला नवा दगड कोणता? आणि तो ओळखू येत नसेल, तर पुरातत्त्व खात्याला पत्र लिहा.