फिक्सीची चेन सैल म्हणजे ब्रेकच सैल

आजचा भाग सायकलच्या चेनवर, आणि त्यातही फिक्सीच्या चेनवर.

फिक्सी म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी पटकन सांगतो. साध्या सायकलीत पायडल थांबवलं तरी चाक पळत राहतं, कारण मागे फ्रीव्हील असतं. तो कटकट आवाज त्याचाच. फिक्सीला फ्रीव्हीलच नसतं. मागचा दातेरी कॉग हबला पक्का जखडलेला असतो. चाक फिरलं की पायडल फिरणारच, आणि पायाने पायडल रोखलं की चाक रोखलं जाणार. मूळची ही ट्रॅकवरची सायकल. बालेवाडीच्या व्हेलोड्रोमवर ब्रेक नसलेल्या सायकली पळवतात, त्या याच. पण तिथे समोरून कंटेनर येत नाही.

आपल्याकडे येतो ना! मोशी सोडून इंद्रायणीच्या पुलाकडे निघालात, मागे ट्रक, बाजूला कंपनीची बस, आणि पुढे तळेगाव चौकाची गर्दी ठरलेलीच. अशा रस्त्यावर साध्या सायकलची चेन पडली तर हात काळे होतात, शिफ्टला उशीर होतो, बस्स. हाताचे ब्रेक जागेवर असतात. फिक्सीची चेन पडली तर पायाने रोखायची सोयच गेली, कारण पाय आणि चाक यांना जोडणारी वस्तू ती एकच. त्याहून वाईट म्हणजे पडलेली चेन कॉग आणि फ्रेमच्या मध्ये अडकली, तर मागचं चाक चालू वेगात जाम होतं. म्हणून माझं स्पष्ट मत: रस्त्यावर फिक्सी चालवायची तर पुढे हाताचा ब्रेक हवाच. तो नसला की ‘लुक’ भारी दिसतो म्हणे. दिसू दे.

आता चेन सैल का होते? आपण म्हणतो चेन ‘वाढली’. लोखंड काही रबरासारखं ताणलं जात नाही. कड्यांमधल्या पिना आणि त्यांच्याभोवतीचे बुश झिजतात, प्रत्येक जोडात जराशी फट पडते आणि सगळ्या फटी मिळून चेन लांब होते. चाकणची धूळ तेलात मिसळली की काय होतं, हे तुमच्यातल्या फिटर मंडळींना सांगायला नको. लॅपिंग पेस्ट! तेल घालून झाल्यावर वरचं पुसून काढा, असं मी सारखं सांगतो ते यासाठीच.

झीज मोजायला तुमची स्टीलची पट्टी पुरे. सायकलच्या चेनची पिच अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. पिनच्या मध्यापासून मोजलं तर २० पिच बरोबर २५४ मिमी भरले पाहिजेत. आकडा २५६ च्या आसपास गेला असेल तर नवीन चेन घ्या. तशीच दामटली तर ती कॉगचे दातही खाते.

चेन चांगली असेल तर काम सोपं आहे. सायकल उलटी करा आणि पायडल हळूहळू फिरवत चेनच्या मधोमध बोटाने वर-खाली करून बघा. बोट लावताना चाक पूर्ण थांबलेलं हवं! फिक्सीत वेगात फिरणाऱ्या चेनपाशी बोट किंवा फडकं गेलं, तर हात सोडला म्हणून काही थांबत नाही. बोटाचं टोक जातं. हे घाबरवायला सांगत नाहीये.

पुढचं चेनव्हील सहसा शंभर टक्के गोल नसतं, त्यामुळे चेन एका ठिकाणी घट्ट आणि एका ठिकाणी सैल लागते. सगळ्यात घट्ट जागा शोधा आणि ताण तिथेच ठरवा. तिथे चेन वर-खाली मिळून साधारण १० ते १२ मिमी हलली पाहिजे. तारेसारखी ताणू नका, बेअरिंग रडायला लागतात. आणि बाइकच्या चेनचा हिशोब इथे लावू नका. तिथे सस्पेन्शन दबताना चेनचा ताण बदलतो, म्हणून मुद्दाम जास्त ढील ठेवतात.

ताण वाढवायला मागच्या एक्सलचे दोन्ही नट सैल करा. बऱ्याच फिक्सींना १५ चा पाना लागतो. चेनकडची बाजू मागे ओढा, म्हणजे चाकाचा पुढचा भाग त्याच बाजूच्या पाइपकडे तिरका होईल. होऊ द्या. त्या बाजूचा नट हलका आवळा, मग चाक ढकलून दोन्ही पाइपांच्या बरोबर मध्ये आणा. दुसरी बाजू आपोआप मागे सरकते. आता तिकडचा नट आवळा, ताण पुन्हा तपासा आणि शेवटी दोन्ही नट जोर लावून पक्के करा. एकदा हात बसला की पाच मिनिटांचं काम.

एक्सल खाचेच्या टोकाला जाऊनही चेन सैलच असेल, तर कडी काढायची. आतली-बाहेरची जोडी काढली की चेन एक इंच कमी होते, आणि एक्सल साधारण अर्धा इंच पुढे येतो. खाचेत पुढे तेवढी जागा आहे का, हे आधी मोजा आणि मगच चेन तोडा. गियरच्या सायकलला असतो तसा स्प्रिंगचा टेन्शनर मात्र फिक्सीला लावायचा नाही. पाय मागे रेटला की ताण चेनच्या खालच्या बाजूला येतो आणि स्प्रिंग दाबली जाते.

जुन्या सायकलची फिक्सी करून घेतलेल्यांनी आणखी एक बघावं. कॉगच्या बाहेरून लॉकरिंग आहे का? त्याचे आटे उलटे असतात. साध्या हबवर नुसता कॉग फिरवून बसवला असेल, तर पाय रोखताना तो उलगडून सुटू शकतो. मग चेन कितीही नीट ताणलेली असो.

आणि फ्रीव्हीलवाल्या सिंगल स्पीडचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी: पद्धत हीच, थोडी जास्त ढील चालते. दोन्हीकडे १०-१५ किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा तपासा. जोरात पायडल मारताना चेनकडची बाजू पुढे सरकते, म्हणून आधी तिकडचा नट.