गाडीतला बोलता रेडिओ
(द्वितीय वर्ष, कला)

३१ ऑगस्ट २०२१ ची पहाट चाळीसगावकर सहजासहजी विसरणार नाहीत. रात्रभर पाऊस कोसळला, नदीचे पाणी गावात शिरले आणि कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला. माझे मामा त्या रात्री ट्रकसह घाटात अडकून पडले होते. फोन लागत नव्हता. आई रात्रभर तोच नंबर फिरवत बसली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा सुखरूप असल्याचे कळले. तेव्हा मी दहावीत होतो. गाडीतच बोलणारा रेडिओ असता तर काय झाले असते, हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून घर करून बसला.

त्याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही, नानांच्या दुकानात मिळाले. माझे वडील, म्हणजे नाना, जळगावात गाड्यांच्या वायरिंगचे काम करतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे एक छोटी, उघड्या छपराची, दोन आसनांची स्पोर्ट्स कार आली. ती होती सॅन स्टॉर्म, आपल्या देशातच तयार झालेली आणि आता रस्त्यावर क्वचितच दिसणारी. मालक हौशी रेडिओचे परवानाधारक. त्यांना गाडीत बिनतारी संच व अँटेना बसवून हवी होती. ट्रॅक्टर, ट्रक, जीप यांत उभा जन्म गेलेल्या नानांना हे काम नवे होते. मी सुटीत हाताखाली होतो, म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस करतो.

मित्रहो, गाण्याचा रेडिओ नुसता ऐकतो. हा संच ऐकतो आणि बोलतोही. पोलिसांनी तो प्रथम वापरला. अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ साली गाडीत रेडिओ बसवला, पण तो एकमार्गी होता. निरोप ऐकायचा आणि उत्तर द्यायला टेलिफोन शोधत फिरायचे! १९३३ साली न्यू जर्सीतील बेयॉन गावी दोन्ही बाजूंनी बोलणारा संच गाडीत आला.

आता प्रत्यक्ष काम. ऐकताना संचाला वीज थोडी लागते, बोलताना मात्र पन्नास वॅटचा संच दहा-बारा अँपिअर ओढतो. आम्ही पहिल्यांदा सिगारेट पेटवायच्या सॉकेटमधून वीज घेतली. ऐकायला उत्तम येत होते. मालकांनी बोलायचे बटण दाबले आणि संच बंद! पुन्हा दाबले, तर फ्यूज उडाला. नाना हसले. मला मात्र वर्गात न कळलेला ओहमचा नियम तिथे कळला. बॅटरी ते संच अंतर चार मीटर धरले, तर जाऊन-येऊन आठ मीटर तार होते. एक चौरस मिलिमीटरच्या तारेतून बारा अँपिअर गेले की दीड व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्ची पडतो. चार चौरस मिलिमीटरची तार घेतली, तर अर्ध्या व्होल्टच्याही आत भागते. म्हणून जाड तारेची जोडी थेट बॅटरीपासून आणली आणि दोन्ही तारांना बॅटरीजवळच फ्यूज लावले. फ्यूज संचाजवळ लावून उपयोग नाही. मध्येच तार घासून उघडी पडली, तर आग तिथेच लागणार. तार जिथे भोकातून आत येते तिथे रबरी वायसर हवाच.

खरी अडचण अँटेनेची. लहरीची लांबी काढायची तर तीनशेला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागायचे, उत्तर मीटरमध्ये येते. हौशी लोक बोलतात तो एक पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा. म्हणजे लहर सुमारे दोन मीटर आणि तिचा चतुर्थांश अर्धा मीटर. एवढी काठी गाडीवर सहज उभी राहते. मात्र ही काठी म्हणजे अर्धीच अँटेना असते; उरलेली अर्धी खालचा लोखंडी पत्रा भरून काढतो. जीपच्या टपावर लोहचुंबकाची अँटेना ठेवली की काम झाले. या गाडीला टप नाही आणि बॉडी फायबरग्लासची. नानांनी चुंबक डिकीवर ठेवला, तो घसरून खाली आला. “आठे लोखंडच नही शे ना भाऊ!” असे म्हणून ते खाली बसले.

दोन दिवस काम थांबले. मग मालकांनीच सुचवल्यावरून डिकीच्या झाकणाला आतून तांब्याच्या चार पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येकी अर्धा मीटर, मध्यबिंदूपासून चारी दिशांना. मधोमध भोक पाडून अँटेना बसवली आणि केबलची बाहेरची जाळी पट्ट्यांना डाखली. फायबरला भोक पाडताना नानांचा हात थरथरलेला मी प्रथमच पाहिला, कारण पत्रा ठोकून सरळ होतो, फायबर तडकले की तडकलेच.

अँटेना नीट बसली की नाही, हे मीटर सांगते. त्यावर तीन आकडा आला, तर पाठवलेल्या शक्तीचा चौथा भाग परत संचाकडे येतो आणि संच तापतो. दीड आला, तर अवघे चार टक्के परततात. पट्ट्यांआधी आमचा काटा तीनच्या पुढे होता, नंतर दीडच्या खाली आला. अँटेना न जोडता बटण कधीही दाबू नये, हा धडा संच न जळता मिळाला, हे आमचे भाग्य. इंजिन चालू केल्यावर स्पीकरमध्ये टकटक ऐकू येई. ती स्पार्क प्लगची. रोधक असलेले प्लग घालून व केबल इग्निशनच्या तारांपासून दूर नेऊन ती बरीच कमी झाली.

मेहरूण तलावाजवळून केलेल्या चाचणीत भुसावळचे एक हौशी गृहस्थ स्वच्छ ऐकू आले. मग मी हट्टाने कन्नड घाटात चाचणी घ्यायला लावली. तिथे मात्र निराशा झाली. पायथ्याशी आवाज होता, दोन वळणे चढलो आणि डोंगर आडवा आला. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, डोंगर ओलांडत नाहीत. घाटमाथ्यावर दुसरी गाडी उभी केली, तेव्हा मधल्या वळणांवरूनही बोलता आले. म्हणजे मामांना एकट्या संचाचा उपयोग झाला नसता. वर कोणीतरी ऐकणारे हवे होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हौशी रेडिओवाले संच घेऊन तिकडे धावले, ते याचसाठी.

मी त्या दिवशी बटण दाबले नाही, कारण माझ्याकडे परवाना नाही. १९३३ च्या कायद्यापासून विनापरवाना संच बाळगण्याला मनाई होती आणि २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला तरी हौशी रेडिओला परवाना लागतोच. २७ मेगाहर्ट्झजवळचा एक पट्टा पाच वॅटपर्यंत २००५ पासून मोकळा आहे, पण तिथे चतुर्थांश काठी पावणेतीन मीटरची होते! ती ट्रकला शोभेल, स्पोर्ट्स कारला नाही. परवान्याची परीक्षा केंद्र सरकार घेते. वयाची बारा वर्षे पूर्ण असली की बसता येते आणि विज्ञान शाखेची अट नाही. एका प्राध्यापकांनी मला हसून विचारले, “कला शाखेच्या मुलाला हे कशाला?” मी मामांची हकिगत सांगितली. दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतःचे जुने भौतिकशास्त्राचे पुस्तक आणून दिले. परीक्षेचा अर्ज मी भरला आहे. नाना म्हणतात, पास झालास तर आपल्या जुन्या जीपला संच मी बसवून देतो. तिला टप लोखंडाचा आहे.